आइन्स्टाइनच्या मनगटावरचं सोनं

घड्याळाच्या पाठीवर कोरलेला मजकूर अगदी साधा आहे: प्रा. आल्बर्ट आइन्स्टाइन, लॉस एंजेलिस, १६ फेब्रुवारी १९३१. पिंपासारखं मध्ये फुगीर, १४ कॅरेट सोन्याचं, लाँजिन या स्विस कंपनीचं हे मनगटी घड्याळ आइन्स्टाइनना त्यांच्या कॅलिफोर्नियाच्या मुक्कामात भेट मिळालं होतं. १६ ऑक्टोबर २००८ रोजी न्यूयॉर्कला अँटिकोरम या संस्थेच्या लिलावात ते ५ लाख ९६ हजार डॉलरना गेलं. तेव्हाच्या दरानं ही रक्कम तीन कोटी रुपयांच्या घरात जाते.

माझ्या अकरावीतल्या भाचीला मी ही गोष्ट सांगितली, तर ती लगेच म्हणाली, "मावशी, मग ते घड्याळ हळू चालायचं का गं? म्हणजे तुझी ती सापेक्षता त्यात दिसायची का?"

मी पटकन "छे" म्हणून मोकळी झाले. आणि मग दोन दिवस तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण "छे" हे अर्धंच उत्तर होतं. त्या घड्याळात सापेक्षता अगदी उघड्या डोळ्यांना दिसत होती. फक्त काट्यांमध्ये दिसत नव्हती. ती कुठे होती हे सांगायचं तर आधी घड्याळाच्या पोटात शिरावं लागेल.

पैशांचं आधी आटोपते. तीन कोटी रुपये सोन्याचे नव्हते. १४ कॅरेट म्हणजे चोवीसात चौदा भाग सोनं, बाकी तांबं-चांदीसारखे धातू. आणि मनगटी घड्याळाच्या डबीत ते असून असून असणार किती? किंमत होती ती नावाची आणि ते नाव खरं असल्याच्या खात्रीची. जुन्या चांगल्या कंपन्या प्रत्येक यंत्रावर क्रमांक टाकत आणि तो वहीत नोंदवून ठेवत. लाँजिनचं गाव सँ-इमिए, स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगरात. यंत्रावरचा क्रमांक, डबीवरचा क्रमांक आणि वहीतली नोंद यांचा मेळ बसला की घड्याळाचं वय पक्कं होतं. त्यावर कोरलेली तारीख आणि आइन्स्टाइन त्या तारखेला खरोखर तिथे होते याची जगजाहीर नोंद, असे दुवे एकमेकांत अडकत जातात आणि वस्तूला भाव येतो.

आता पोटात शिरू या. आइन्स्टाइनचं घड्याळ काही माझ्या हाती नाही, पण माझ्या वडिलांचं चावीचं एचएमटी आहे, आणि आतली रचना मूळ धरून तीच. आमच्या गल्लीतल्या घड्याळजींनी एकदा माझ्यासमोर त्याचं मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि मग ते भिंग काढून माझ्या हातात दिलं. "हे बघा, बॅलन्स." पितळी रंगाचं एक नाजूक चाक, नखाएवढं, मागे-पुढे, मागे-पुढे थरथरत होतं. त्याच्या मध्यभागी केसापेक्षा बारीक स्प्रिंग गुंडाळलेली होती. ती श्वास घेतल्यासारखी फुलत होती आणि आवळत होती.

घड्याळाचा सगळा जीव या जोडीत असतो. चावी दिली की मोठी कमान आवळली जाते. ती सुटायला धडपडते आणि दातेरी चाकांना ढकलते. तिला मोकळं सोडलं तर काटे दोन मिनिटांत गरगरा फिरून थांबतील. म्हणून वाटेत एक पहारेकरी बसवलेला असतो, तो एका वेळी चाकाचा एकच दात पुढे जाऊ देतो. केव्हा जाऊ द्यायचा हे ठरवतो बॅलन्स. चाक एका बाजूला फिरलं की केसस्प्रिंग त्याला परत ओढते, ते मध्य ओलांडून पलीकडे जातं, स्प्रिंग पुन्हा ओढते. प्रत्येक फेरीत एक टिक. त्या काळातल्या आणि नंतरच्याही बहुतेक चावीच्या घड्याळांत हा ठोका सेकंदाला पाच पडतो, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार टिकटिक. वेळ मोजणं म्हणजे शेवटी हे थरथरणं मोजणं.

हे चाक लक्षात ठेवा. आइन्स्टाइनच्या सर्वांत प्रसिद्ध निबंधात ते नाव घेऊन आलेलं आहे.

साल १९०५. आइन्स्टाइन २६ वर्षांचे, बर्नच्या पेटंट कचेरीत तिसऱ्या श्रेणीचे तांत्रिक तज्ज्ञ. ते राहायला होते क्रामगासे या रस्त्यावर, ४९ नंबरच्या घरात, बर्नच्या जुन्या घंटाघरापासून हाकेच्या अंतरावर. युरोपात तेव्हा रेल्वेचं जाळं विणलं गेलं होतं, आणि गावोगावची घड्याळं विजेच्या तारेनं एकमेकांशी जुळवण्याच्या नाना युक्त्या निघत होत्या. ३० जून १९०५ रोजी सापेक्षतेचा सिद्धांत मांडणारा त्यांचा निबंध मासिकाच्या कचेरीत पोहोचला. त्यात वेळेबद्दलची चर्चा कुठल्याही गूढ तत्त्वज्ञानानं सुरू होत नाही. ती सुरू होते आगगाडीनं. गाडी सात वाजता येते असं मी म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की माझ्या घड्याळाचा लहान काटा सातावर असणं आणि गाडी येणं या दोन घटना एकाच वेळी घडतात. त्यांच्या म्हणण्याचा हा आशय.

वाचताना वाटतं, यात काय मोठं सांगितलं? मला मात्र हे वाक्य फार मोलाचं वाटतं. वेळ म्हणजे काय, हा प्रश्न त्यांनी हवेतून खाली आणून घड्याळाच्या तबकडीवर ठेवला. वेळ म्हणजे घड्याळ दाखवतं ते. मग लगेच पुढचा प्रश्न येतो: गाडी माझ्यासमोर आली तर ठीक, पण दूरच्या गावी घडलेल्या घटनेची वेळ कोणत्या घड्याळानं सांगायची? तिथल्या. आणि तिथलं घड्याळ माझ्या घड्याळाशी जुळलेलं आहे हे कशावरून? त्यासाठी काहीतरी इकडून तिकडे पाठवावं लागणार. आइन्स्टाइननी प्रकाश पाठवला.

इथे एक गल्लत टाळायला हवी, आणि त्यासाठी आपल्या मुंबईइतकं चांगलं उदाहरण नाही. १९०६ च्या १ जानेवारीपासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, पण मुंबईनं ती मनावर घेतली नाही. प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे असलेला 'मुंबई टाइम' शहरात १९५५ पर्यंत टिकून होता. स्टेशनातलं घड्याळ एक सांगायचं आणि शहरातलं दुसरं. पण हा फरक माणसांनी ठरवलेला होता. दोन्ही घड्याळं सारख्याच चालीनं चालायची, फक्त काटे वेगळ्या जागी लावलेले. आइन्स्टाइन म्हणत होते ती गोष्ट काटे कुठे लावायचे याची नाही. त्यांचा दावा असा, की तुमच्याजवळून वेगानं जाणारं घड्याळ, कितीही निर्दोष असलं तरी, तुमच्या हिशेबानं मुळात चालतंच हळू.

का? धावत्या रेल्वेच्या डब्यात कॅरम मांडा. तुम्ही स्ट्रायकर समोरच्या कडेला मारता, तो सरळ जातो, आपटतो, सरळ परत येतो. हे झालं डब्यातल्या माणसाचं पाहणं. आता फलाटावर उभा असलेला माणूस खिडकीतून बघतोय. स्ट्रायकर पलीकडे पोहोचेपर्यंत बोर्ड पुढे सरकलेला असतो. त्यामुळे त्याच्या दृष्टीनं स्ट्रायकर तिरका गेला आणि तिरका परत आला. तिरका रस्ता सरळ रस्त्यापेक्षा लांब. मग फलाटावरच्या माणसाला जास्त वेळ लागलेला दिसतो का? नाही. कारण स्ट्रायकरला गाडीचा वेगही मिळालेला असतो. रस्ता लांबला तसा वेगही वाढला, आणि हिशेब बरोबर बसला.

आता स्ट्रायकरच्या जागी प्रकाशाची तिरीप ठेवा आणि दोन कडांना दोन आरसे. फलाटावरून रस्ता पुन्हा तिरका दिसतो, पुन्हा लांब. पण प्रकाशाला गाडीचा वेग मिळत नाही. तो डब्यातल्या माणसासाठीही सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटरनं जातो आणि फलाटावरच्यासाठीही तेवढ्याच वेगानं. मायकेलसन आणि मोर्ली या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १८८७ मध्ये क्लीव्हलंडला केलेल्या प्रयोगात पृथ्वीच्या धावण्याचा प्रकाशाच्या वेगावर काहीच परिणाम सापडला नव्हता. रस्ता लांब, वेग तोच. मग लागणारा वेळ वाढलाच पाहिजे. डब्यातल्या माणसाची एक टिक फलाटावरच्याला लांबलेली दिसते. दुसरी पळवाटच नाही.

याच मायकेलसनना आइन्स्टाइन जानेवारी १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाला भेटले, म्हणजे घड्याळ हाती येण्याच्या जेमतेम महिनाभर आधी. मायकेलसन तेव्हा थकले होते, पण प्रकाशाचा वेग अजून नेमका मोजायची त्यांची खटपट चालूच होती. त्याच वर्षी मे महिन्यात ते गेले.

इथवर आलं की माझी भाची नेहमी अडते. "आरशाचं घड्याळ हळू झालं, मान्य. पण आजोबांच्या एचएमटीत कुठे प्रकाश उड्या मारतोय? ते का हळू होईल?" प्रश्न अचूक आहे. उत्तर असं: समजा ते हळू झालं नाही. तर डब्यातला माणूस दोन्ही घड्याळं शेजारी ठेवून बघेल, त्यांची चाल जुळत नाही हे त्याला दिसेल, आणि खिडकीबाहेर न बघताच तो सांगू शकेल की गाडी धावते आहे, आणि किती वेगानं. पण हे कधीच जमत नाही. गाडी एकसारख्या वेगानं सरळ जात असेल तर बंद डब्यात चहा नेहमीसारखाच ओतला जातो, चेंडू नेहमीसारखाच खाली पडतो. गाडी चालू आहे की उभी, हे आतला कोणताही प्रयोग सांगत नाही. म्हणून बॅलन्स चाकालाही त्याच प्रमाणात हळू व्हावं लागतं, क्वार्ट्झला व्हावं लागतं, हृदयाच्या ठोक्यांनाही. आतल्याला मात्र काहीच कळत नाही, कारण त्याचा विचारही त्याच चालीनं हळू झालेला असतो.

आणि आता ते चाक. १९०५ च्या त्याच निबंधात आइन्स्टाइननी एक भाकीत केलं: विषुववृत्तावर ठेवलेलं बॅलन्सचं घड्याळ ध्रुवावरच्या अगदी तशाच घड्याळापेक्षा किंचित हळू चालेल. कारण पृथ्वी फिरते. विषुववृत्तावरचं घड्याळ तिच्याबरोबर सेकंदाला सुमारे ४६५ मीटर वेगानं फिरत असतं, ध्रुवावरचं जागच्या जागी गिरकी घेतं. हिशेब केला तर हा फरक दिवसाला एका सेकंदाच्या कोटीव्या भागाएवढा येतो.

त्यांनी 'घड्याळ' एवढंच का नाही म्हटलं? बॅलन्सचंच का? कारण लंबकाचं घड्याळ इथे चालणार नाही. लंबक झुलतो तो पृथ्वीच्या ओढीनं, म्हणजे त्या घड्याळाचा अर्धा भाग खुद्द पृथ्वी असते. ज्याँ रिशे हा फ्रेंच खगोलज्ञ १६७२ मध्ये विषुववृत्ताजवळच्या काएन या ठिकाणी गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. त्यात सापेक्षता बिलकुल नव्हती. तिथे गुरुत्वाकर्षण थोडं कमी आहे म्हणून लंबक आळसावला, एवढंच. शेजारी बॅलन्सचं घड्याळ असतं तर ते या कारणानं मागे पडलं नसतं. बॅलन्सला ओढणारी स्प्रिंग आपली आपण असते, तिला पृथ्वीशी देणंघेणं नाही. मनगटावर बांधून कुठेही नेता येतं ते त्याच गुणामुळे.

या भाकिताची पुढची कहाणी मला सगळ्यांत जास्त आवडते, कारण ते चुकलं. मांडणी चुकली नव्हती, पण चित्राचा अर्धा भाग अजून आइन्स्टाइनच्या हाती यायचा होता. १९०७ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की नुसता वेगच नाही, गुरुत्वाकर्षणही घड्याळावर परिणाम करतं. वस्तुमानाच्या जितकं जवळ, तितकी वेळ मंद. डोंगरावरचं घड्याळ पायथ्याच्या घड्याळाच्या पुढे जातं. १९१५ मध्ये गुरुत्वाकर्षणालाही सामावून घेणारी व्यापक सापेक्षता पूर्ण झाली तेव्हा या गोष्टीला भक्कम पाया मिळाला.

आता पृथ्वी पूर्ण गोल नाही. फिरण्यामुळे ती कमरेशी फुगली आहे. विषुववृत्तावरचा माणूस पृथ्वीच्या केंद्रापासून ध्रुवावरच्या माणसापेक्षा सुमारे २१ किलोमीटर जास्त दूर असतो. म्हणजे विषुववृत्तावरच्या घड्याळाला दोन हात दोन बाजूंना ओढतात: वेग त्याला हळू करतो, आणि केंद्रापासूनचं अंतर त्याला जलद करतं. समुद्रसपाटीवर या दोन ओढी एकमेकींना तंतोतंत फेडतात. हा योगायोग नाही. समुद्राचं पाणी जिथे जाऊन निवांत होतं, तिथे गुरुत्वाकर्षण आणि फिरणं यांचा जमाखर्च सगळीकडे सारखा झालेला असतो, म्हणून तर ते आणखी कुठे वाहत नाही. घड्याळाची चाल ठरते तीही याच जमाखर्चावरून. त्यामुळे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं आदर्श घड्याळ आणि उत्तर ध्रुवाच्या समुद्रावरचं आदर्श घड्याळ एकाच चालीनं चालतात. पाणी आणि वेळ एकाच पातळीनं वागतात हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

मग डोंगरावर काय? जानेवारी १९३१ च्या अखेरीस आइन्स्टाइन माउंट विल्सनच्या वेधशाळेत गेले होते. खगोलज्ञ एडविन हबल यांनी तिथल्या १०० इंची दुर्बिणीतून दूरच्या दीर्घिका अभ्यासल्या होत्या आणि विश्व प्रसरण पावतं आहे याचे पुरावे जमवले होते. शिखराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,७४० मीटर. तिथे ठेवलेलं घड्याळ समुद्रकाठच्या घड्याळापेक्षा दिवसाला साधारण १६ नॅनोसेकंद पुढे जातं. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. या चालीनं एक सेकंदाचा फरक पडायला सुमारे १ लाख ६७ हजार वर्षं लागतील. सोन्याचं घड्याळ तेव्हा अजून त्यांच्या मनगटावर यायचं होतं, पण असतं तरी काय झालं असतं? चांगलं चावीचं घड्याळसुद्धा दिवसाला चार-पाच सेकंद मागे-पुढे होतं. उशाशी कोणत्या कुशीवर ठेवलं, उन्हात किती तापलं, चावी किती उतरली, यावरही त्याची चाल बदलते. त्याची ही रोजची चूक शिखरावरच्या सापेक्षतेच्या परिणामापेक्षा तीस कोटी पट मोठी आहे. ढोल-ताशांच्या पथकात मुंगीची पावलं ऐकण्यासारखं आहे ते.

शंभर किलोमीटर वेगानं दिवसभर धावणाऱ्या रेल्वेतही तसंच. वेगामुळे घड्याळ मागे पडतं ते एका नॅनोसेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडंच जास्त. म्हणून काट्यांपुरतं माझं "छे" बरोबर होतं.

मुंगीची पावलं ऐकायला वेगळे कान लागले. ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या दोघा शास्त्रज्ञांनी चार सीझियम घड्याळं (अणूंच्या ठोक्यांवर चालणारी, अतिशय अचूक) साध्या प्रवासी विमानांतून जगाला फिरवून आणली, एकदा पूर्वेकडून आणि एकदा पश्चिमेकडून. पूर्वेकडे जाताना विमानाचा वेग पृथ्वीच्या फिरण्यात मिळतो, पश्चिमेकडे जाताना वजा होतो. जमिनीवरच्या घड्याळाच्या तुलनेत पूर्वेकडची घड्याळं सरासरी ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडची २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. गणित जे सांगत होतं त्याच्या मर्यादेत दोन्ही आकडे बसले. २०१० मध्ये अमेरिकेत दोन घड्याळांमध्ये एका पायरीएवढा, ३३ सेंटिमीटरचा, चढ ठेवून फरक मोजला गेला. २०२२ पर्यंत तो एका मिलिमीटरच्या उंचीवर आला.

आणि ज्यावर आपण रोज विसंबतो ते जीपीएस. त्याचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. उंचीमुळे त्यांची घड्याळं दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. निव्वळ ३८ मायक्रोसेकंद पुढे. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरहून जास्त अंतर कापतो. ही दुरुस्ती केली नसती तर एका दिवसात सगळा हिशेब किलोमीटरांनी बिघडला असता. आपल्या इस्रोच्या 'नाविक' या जीपीएससारख्या यंत्रणेच्या उपग्रहांनाही हाच हिशेब चुकत नाही.

आता त्या उरलेल्या अर्ध्या उत्तराकडे येते. काट्यांत नाही, तर मग कुठे? सोन्यात. डबीच्या पिवळ्या रंगात.

धातू चमकतो म्हणजे त्याच्यावर पडलेला प्रकाश तो परत फेकतो. पांढऱ्या प्रकाशातले सगळे रंग सारखेच परत आले तर धातू पांढरा दिसतो, चांदीसारखा. सोनं तसं करत नाही. ते निळा-जांभळा भाग गिळतं आणि उरलेला परत पाठवतं. पांढऱ्यातून निळा वजा केला की उरतो पिवळा. प्रश्न असा, की सोन्यालाच निळा का गिळता येतो?

अणूतले इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या ठरावीक मजल्यांवर राहतात. खालच्या मजल्यावरून वरच्यावर जायचं तर तेवढीच ऊर्जा प्रकाशातून मिळावी लागते. चांदीत हे दोन मजले इतके दूर आहेत की चढायला अतिनील किरण लागतात. ते आपल्याला दिसत नाहीत, म्हणून दिसणारा सगळा प्रकाश परत येतो. सोन्यात हे अंतर कमी आहे, निळ्या प्रकाशाला झेपेल एवढं. आवर्त सारणीत सोनं बरोबर चांदीच्या खाली बसतं, बाकी गुणही बरेच मिळतेजुळते. मग मजल्यांमधलं अंतरच एवढं कमी कसं झालं?

कारण सोन्याच्या केंद्रात ७९ प्रोटॉन आहेत. त्यांची ओढ इतकी प्रचंड, की सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनला प्रकाशाच्या सुमारे ५८ टक्के वेगानं फिरावं लागतं. इलेक्ट्रॉन काही ग्रहासारखा फेऱ्या मारत नाही, त्यामुळे 'फिरणं' हा शब्द मी थोडा सैल वापरते आहे, पण वेगाचा हिशेब खरा आहे. विमान, रेल्वे, पृथ्वीचं फिरणं या सगळ्यांत सापेक्षतेचा परिणाम अब्जांशाहूनही कितीतरी लहान होता. इथे तो वीस टक्क्यांच्या पुढे जातो. एवढ्या वेगानं जाणारा इलेक्ट्रॉन जणू बावीस टक्के जड झाल्यासारखा वागतो, आणि त्याची कक्षा जवळपास एक पंचमांश आक्रसते. बाहेरच्या थरातला जो इलेक्ट्रॉन अधूनमधून केंद्राजवळ डोकावतो, त्याचा थरही आक्रसतो आणि त्याचा मजला खाली येतो. दुसऱ्या बाजूनं, जे इलेक्ट्रॉन केंद्राकडे फारसे फिरकत नाहीत, त्यांच्यापुढे आक्रसलेल्या आतल्या इलेक्ट्रॉनांचा पडदा दाट होतो. त्यांना केंद्राची ओढ कमी जाणवते, आणि त्यांचा मजला वर सरकतो. वरचा खाली आला, खालचा वर गेला, अंतर घटलं. निळ्या प्रकाशाला शिडी मिळाली.

चांदीत ४७ प्रोटॉन. आतल्या इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या ३४ टक्के, परिणाम सहा-सात टक्के. तेवढ्यानं रंग बदलत नाही. सापेक्षता नसती तर सोनं दिसायला चांदीसारखंच असतं.

हीच गोष्ट शिशाची. इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिसं असतं, ८२ प्रोटॉनवालं. २०११ मध्ये झालेल्या गणितानुसार तिच्या एका घराच्या साधारण २.१ व्होल्टपैकी १.७ ते १.८ व्होल्ट सापेक्षतेमुळे मिळतात. वीज गेल्यावर आपला पंखा फिरतो तो बराचसा त्याच जिवावर.

हे १९३१ साली कोणालाच माहीत नव्हतं. भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांनी १९२८ मध्ये इलेक्ट्रॉनचं सापेक्षतेशी जुळणारं समीकरण लिहिलं होतं, पण नेहमीच्या रसायनशास्त्रात सापेक्षतेला काही महत्त्व नाही असं १९२९ मध्ये खुद्द त्यांनीच म्हटलं होतं. त्यांना वाटलं, बाहेरचे इलेक्ट्रॉन तर सावकाश फिरतात, त्यांना काय फरक पडणार? जड अणूंचे असे हिशेब नीट मांडले जाऊन सोन्याच्या रंगाचं कोडं सुटायला १९७० चं दशक उजाडावं लागलं. आइन्स्टाइन १९५५ मध्ये गेले होते. लॉस एंजेलिसला त्यांनी ते घड्याळ मनगटावर बांधलं तेव्हा स्वतःच्याच सिद्धांताचा उघड्या डोळ्यांना दिसणारा पुरावा त्यांच्या हातावर आला होता, टिकटिकणाऱ्या चाकाच्या भोवती, आणि त्यांनी तो नुसता सोनं म्हणून पाहिला असणार.

हे सगळं भाचीला सांगून झालं तेव्हा ती उठली आणि देवघरातला चांदीचा करंडा घेऊन आली. मग आजीला, म्हणजे माझ्या आईला, तिची एक पाटली काढून द्यायला लावली. दोन्ही खिडकीत शेजारी ठेवून ती वाकून बघत राहिली. करंडा पांढरा, पाटली पिवळी. आई स्वयंपाकघरातून विचारत होती, काय चाललंय गं तुमचं दोघींचं? मी तिला सांगितलं की पाटली २२ कॅरेटची आहे, म्हणजे त्या तीन कोटींच्या घड्याळापेक्षा हिच्यात सोन्याचा वाटा जास्त. आई पदराला हात पुसत आली, पाटली उचलून हातात चढवली, आणि म्हणाली, "ते मला आधीच माहीत होतं."